कपबशीचा समेट

आमच्या मंडळीत भांडण मिटवायची एक रीत होती. ती मी पुढे दुसऱ्या कुठल्याच चर्चमध्ये पाहिली नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब आधी विचारत, "कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का?" ज्यांचं काही असेल ते दोघं मेजापुढे येत, हातात हात घेऊन एकमेकांना सलाम करत, आणि उपासना सुटल्यावर बाहेर कडुलिंबाखाली त्या दोघांत मिळून एक कपबशी चहा दिला जाई. एकानं कपातून प्यायचा, दुसऱ्यानं बशीतून. चहा संपला की भांडण संपलं. त्यानंतर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. काढलाच तर ती कुरकुर, आणि कुरकुर हे आमच्याकडे चोरीच्या खालोखाल पाप होतं. शेताच्या धुऱ्यावरून भांडलेले भाऊ, कोंबड्यांवरून भांडलेल्या जावा, सगळे त्या कपबशीवर गोड होत. आमचे बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ इतक्यांदा भांडले की माय म्हणायची, "याईले चहाच प्यायचा असते, भांडण नावाले करतात." रीत वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. दोघं बरोबरीचे असले की ती चालायची. एक जण बरोबरीचा नसेल तेव्हा काय करायचं, हे मात्र आमच्या वाडवडिलांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

आमचं गाव घाटंजीच्या रस्त्याला. चर्चच्या मागे टिनाची सात-आठ घरं होती, त्यातलं एक आमचं. बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या हंगामात त्या मशिनींची घरघर दिवसभर कानात बसलेली असायची, आणि बाबा घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी रुई. माय शिवणकाम करायची. तिची मशीन दाराशी उजेडाला असे, म्हणजे चर्चमध्ये कोण आलं, कोण गेलं, हे तिला पाय चालवता चालवता कळे. सकाळी ज्वारीची भाकर आणि ठेचा, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, रविवारी आंबाडीची भाजी किंवा कोंबडी, पाहुणे कसे आहेत त्यावर. जेवणानंतर घरची प्रार्थना. ती बाबा इतकी लांबवत की धाकटा भाऊ बसल्या जागी कलंडायचा आणि आमेनच्या आवाजानं दचकून उठायचा.

आणि घरात मंजूमावशी होती. मायची धाकटी बहीण. वयानं चांगली पंचविशीची, पण अक्कल पाच-सहा वर्षांच्या पोरीची. आजीआजोबा गेल्यावर ती मायच्या पदराला धरून आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. ती चर्च झाडायची, पाणी भरायची, आणि उपासनेची वेळ झाली की झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा लोखंडी सळईनं ठणाठणा वाजवायची. हे काम तिला फार आवडे. थांब म्हटल्याशिवाय ती थांबत नसे. आमच्याकडे होकाराला 'हाव' म्हणतात, आणि मावशीला उत्तर म्हणून तेवढंच येत होतं. "मावशी, पाणी आणतं?" हाव. "मावशी, जेवली?" हाव, जेवलेली नसली तरी. "मावशी, तुही भाकर मी खाऊ?" हाव. आम्ही पोरं हा खेळ करत असू आणि मायच्या हातचे धपाटे खात असू. तिला मधूनमधून फिट यायची. यवतमाळच्या दवाखान्यातल्या गोळ्या होत्या, त्या माय रोज सकाळी गुळाच्या खड्यात दाबून तिला द्यायची. गोळ्या सुरू होत्या तोवर फिट क्वचित येई.

शांतवनकाका मंडळीचे पंच होते. दिसायला दणकट, आवाज असा की पेटी नसली तरी चाले. आम्हा पोरांना त्यांनीच गाणी शिकवली, नाताळचं नाटक बसवलं, आमच्यासाठी चिवड्याचे पुडे आणले. मुद्दाम सांगते आहे. लोकांना वाटतं अशी माणसं कपाळावर काहीतरी लिहून घेऊन फिरतात. शांतवनकाका मला आवडत असत. उपवास-प्रार्थनेचं कामही त्यांच्याकडे होतं. चर्चच्या मागे एक कोठी होती, तिथे बसून ते आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत. कुणाचा ताप, कुणाची दारू, कुणाला मूल होत नाही. दार लावून घेत, कारण देवाच्या कामात कुणाची नजर नको. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पाळकसाहेब नगरकडचे, वयस्क, मऊ स्वभावाचे. पंचांचं मन ते मोडत नसत.

माय भावजयीच्या बाळंतपणाला बाभुळगावला गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मायची पाठ वळली आणि शांतवनकाका घरी आले. बाबांना म्हणाले, "मंजूचं ते दुखणं नव्हे, भाऊ. तिले सैतानानं बांधून ठेवलं आहे. उपवासात बसवू द्या, मोकळी होईन." बाबा हाव म्हणाले. माझे बाबा वाईट नव्हते, पण पंचांसमोर त्यांची पाठ आपोआप वाकत असे. मावशीलाही विचारलं, "येतं का मंजू?" मावशी म्हणाली, हाव.

दुसऱ्या दिवशी मी कोठीवर डबा घेऊन गेले तर काकांनी दारातूनच परत केला. "उपवास आहे पोरी, कळत नाही का?" मी म्हटलं, तिच्या गोळ्या? ते म्हणाले, "गोळ्यावर भरोसा ठेवला म्हणूनच देव थांबला." दार लागलं. मी तिथेच उभी राहिले. आतून मोठ्यानं प्रार्थना चालली होती, मध्येच चापट मारल्यासारखा आवाज, काका ओरडत होते, "निघतं का? निघतं का?" आणि मावशी रडत रडत म्हणत होती, हाव, हाव, हाव. मी धावत जिनिंगवर गेले. बाबा म्हणाले, "देवाच्या कामात तोंड घालू नको." मी म्हटलं, "ते मारून राह्यले तिले." बाबा मशिनीकडे पाहत राहिले. म्हणाले, "घरी जाय."

मी घरी गेले नाही. मायच्या शिवणाच्या डब्यातून भाड्याला पुरतील एवढे पैसे घेतले आणि यवतमाळच्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "संगं कोण आहे व?" मी म्हटलं, माय पुढे आहे. पुढे म्हणजे बाभुळगावला, हे त्याला सांगायची गरज नव्हती. यवतमाळला गाडी बदलली. मामाच्या अंगणात माय बाळाचे लंगोट वाळत घालत होती. मला एकटीला पाहून तिचा हात तसाच वर राहिला.

"तू काहून आली?"

"मावशीले कोठीत कोंडलं. जेवाले नाही देल्लं. गोळ्या बी बंद केल्या."

"कोणं?"

"शांतवनकाकानं."

"अन् तुह्या बाबानं?"

"ते हाव म्हणाले."

मायनं पायात चपला घातल्या. भावजयीला सांगितलं, आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो. वाटभर तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मला तो हात सोडायला सांगावंसं वाटलं नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही पोहोचलो. मायनं कोठीचं दार लाथेनं उघडलं. मावशी कोपऱ्यात बसली होती, मनगटं सुताच्या दोरीनं बांधलेली, ओठ सुकलेले, जीभ चावली गेलेली. आत फिट येऊन गेली होती आणि शांतवनकाकांनी ती देवाची खूण समजली होती. ते खरंच तसं समजत होते, हे मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, आणि वाटून त्या मनगटांना काही फरकही पडला नसता. मायनं दोरी सोडली, मावशीला पाठुंगळी घेतलं आणि जिनिंगच्या मालकाची जीप मिळवून यवतमाळला दवाखान्यात नेलं. बाबा मागून आले. माय त्यांच्याशी बोलली नाही. पुढे कित्येक दिवस ती त्यांना मशिनीच्या आवाजातच उत्तर देत होती. ते काही म्हणाले की जोरानं पाय चालवायची.

आज असं कुठे घडलं तर मी आधी पोलीस ठाण्यात जाईन आणि मग प्रार्थनेला बसेन. तेव्हा मायनं तेही बोलून पाहिलं. सगळे तिच्यावर तुटून पडले. आपण गावात मूठभर, बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील, चर्चचं नाव जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणे. त्या मुठीत मावशीची मनगटं होती, हे कुणाला दिसलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "सगुणाबाई, आपल्याकडे रीत आहे ना. रविवारी समेट करू."

तो रविवार मला अजून दिसतो. शांतवनकाका मेजापुढे येऊन रडले. म्हणाले, "देवाच्या उत्साहात माझ्याकडून जरा जास्त झालं." पाळकसाहेबांनी मावशीला हाक मारली. मायनं तिचा पदर धरला होता, पण मावशीला हाक आली की जायचं, एवढंच ठाऊक. ती गेली. "मंजू, काकांना माफ केलंस ना?" हाव. "सलाम दे." तिनं हात पुढे केला. बाया डोळे पुसू लागल्या. पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "पाह्य, कसं लेकराचं मन आहे. आपल्याले जमन का?" सगळी मंडळी आमेन म्हणाली. मला किळस आली. मी शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

मग कडुलिंबाखाली चहा आला. काकांनी कप घेतला, मावशीच्या हातात बशी दिली. चहा उकळता होता, बशीतून वाफ निघत होती. मावशी बशी धरून उभीच राहिली. काका प्रेमानंच म्हणाले, "पी मंजू." आणि तिनं तो कढत चहा एका दमात घशाखाली ओतला. चावलेल्या जिभेवरून. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण बशी रिकामी. लोक हसले. मायनं मात्र तिचे डोळे पाहिले. ती पुढे झाली, बशी मावशीच्या हातातून घेतली, काकांच्या हातातला कप घेतला, त्यातला चहा मातीत ओतला.

"हा समेट नाही," ती म्हणाली. "तो म्हणाला पी, अन् हे प्याली. तो म्हणाला उपाशी राह्य, अन् हे राह्यली. तिले हाव सोडून दुसरं काही येतच नाही, अन् तुमी त्याले माफी म्हणता?"

"बाई, कुरकुर करू नये," कुणी पंच म्हणाले.

"कुरकुर तोंडातल्या तोंडात करतात. मी वरडून बोलून राह्यली. हा माणूस पंच राह्यणार नाही. त्या कोठीत कोणाच्या लेकराले, कोणाच्या आजाऱ्याले दार लावून कोणी बसवणार नाही. हे होत नाही तोवर माह्या घरचं माणूस आत पाय ठेवणार नाही."

मला वाटलं आता आपण दुसऱ्या चर्चला जाणार, यवतमाळला किंवा नेरला, मावसआजीकडे. माय म्हणाली, "आपण कायले जावं? हे चर्च आपलं बी आहे." पुढच्या रविवारी तिनं खिडकीच्या खाली चादर अंथरली. मी, भाऊ, मावशी आणि ती. आत गाणं सुरू झालं की आम्ही बाहेर गायचो, आणि माय मुद्दाम वरच्या पट्टीत. आतले सूर आमच्यामागे फरफटत. पहिल्यांदा लोक हसले. मग रागावले. मार्थाकाकू, म्हणजे शांतवनकाकांची बायको, मायची जुनी मैत्रीण, त्या आमच्यावरून मान फिरवून जायच्या. ते मायला फार लागे. ती घरी येऊन रडली, मी पाहिलं आहे, पण रविवारी चादर पुन्हा अंथरली गेली. बाबा आत बसत. मग एकदा ते दारापर्यंत गेले, थबकले, आणि येऊन चादरीच्या कडेला बसले. मायनं थोडी जागा सरकवून दिली. बोलली नाही, पण जागा दिली.

घरात दुसरंच सुरू झालं होतं. मायनं मावशीला 'नाही' शिकवायला घेतलं. जेवायला बसलं की विचारायची, "मंजू, कारलं वाढू?" मावशीला कारलं मुळीच आवडत नसे. हाव. माय वाढायची. मावशी तोंड वाकडं करून खायची. "नोको वाटते तर नाही म्हण." हाव. आम्हा पोरांना हसू यायचं, मायला नाही. रोज कारलं. भाऊ म्हणाला, "माय, मावशीपायी आमाले कायले शिक्षा?" मायनं त्यालाही वाढलं. कारल्याचा हंगाम संपत आला तेव्हा एका दुपारी मावशीनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि कुणी न शिकवल्यासारख्या आवाजात म्हणाली, "नाही." माय पळी हातात घेऊन रडायला लागली. त्यानंतर मावशीला सुमार राहिला नाही. अंघोळीला नाही, वेणीला नाही, गोळीला नाही. माय डोक्याला हात लावून बसे. पण एकदाही तिनं म्हटलं नाही की हिला 'नाही' शिकवायला नको होतं. गोळीचं कसं करायचं ते दोघींनी मिळून ठरवलं. गूळ आधी, गोळी नंतर, मग पुन्हा गूळ.

चादरीवर माणसं वाढू लागली. आधी एलिझाआजी आल्या, मंडळीच्या म्हाताऱ्या बायबलबाई, घरोघर वचनं वाचून दाखवणाऱ्या. त्या येऊन नुसत्या बसल्या. मग एक बाई आपल्या पोराला घेऊन आली. पोराला कोठीत नेल्यावर तो बिछाना ओला करू लागला होता. तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण चहा झाला होता. चहा झाल्यावर बोलायचं नसतं. मग आणखी बाया आल्या. जी ती आपल्या घरचं सांगू लागली. कुणाच्या सासऱ्याच्या गोळ्या बंद केलेल्या, कुणाच्या लेकीला थोबाडीत दिलेली. समेटानं आमच्याकडे भांडणं मिटली होती खरी, पण सोबत हेही सगळं बुजवलं गेलं होतं. आत पाळकसाहेबांसमोर बाकं रिकामी पडली. शेवटी एका रविवारी ते उपदेश अर्धा सोडून बाहेर आले, जोडे काढले आणि चादरीवर बसले. म्हणाले, "सांगा." बायांनी सांगितलं. म्हातारा शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होता.

शांतवनकाकांचं पंचपण गेलं. समेटाची रीत राहिली, पण लेकरांना आणि मावशीसारख्यांना त्यात उभं करायचं नाही, असं ठरलं. आणि कोठीचं दार बाबांनी काढलं. जिनिंगमधून पान्हे आणून बिजागऱ्या सोडवल्या, दार खांद्यावर घेतलं आणि सरपणाच्या ढिगावर टाकलं. मायनं त्या दिवशी त्यांच्यासाठी भरीत केलं. त्याहून जास्त मी काही सांगणार नाही.

आता मी यवतमाळला असते. आमच्या मंडळ्यांमध्ये लहानांच्या आणि अशक्त माणसांच्या सुरक्षेची समिती आहे, मी तिच्यात आहे, आणि फार खाष्ट म्हणून माझी ख्याती आहे. मोठ्या माणसानं मुलाबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसायचं नाही, असा साधा नियम सांगितला की एखादा तरुण पाळक हमखास दुखावतो. "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हणते, बाळा, तुझ्यावर आहे, दारावर नाही. तो हसतो. मग मी त्याला शांतवनकाकांच्या चिवड्याचं सांगते, आणि तो हसायचा थांबतो.

कोठीचं दार निघाल्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. शांतवनकाका फार वाळले. मार्थाकाकू मायशी पुन्हा बोलू लागल्या होत्या, नळावर दोघींची कुजबुज चाले. एका संध्याकाळी पाळकसाहेब काकांना घेऊन आमच्या अंगणात आले. काका काठी टेकत होते. या वेळी ते 'जरा जास्त झालं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी चुकलो, सगुणाबाई. मी तिले मारलं. ते देवाचं नव्हतं, माह्यं होतं." मायच्या डोळ्यांत पाणी आलं. मनातून ती विरघळली होती, मला दिसत होतं. तिनं पदर खोचला, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, कपबशी काढली. "या, बसा आत," ती म्हणणारच होती. पण म्हणायच्या आधी, बहुतेक सवयीनं, तिनं उंबऱ्याशी बसून तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या मावशीला विचारलं.

"मंजू, काका आत येऊ का म्हणते."

मावशीनं मान वर केली. काकांकडे बराच वेळ पाहिलं. ती भ्यालेली नव्हती. रागावलेलीही नव्हती. शेंगांवर हात आडवा ठेवून ती म्हणाली, "नाही."

बाबांनी मायकडे पाहिलं. पाळकसाहेबांच्या तोंडावर अजिजी होती. एवढं खरं प्रायश्चित्त दारात आलेलं, आणि एका शब्दानं अडलेलं. पुन्हा एकदा, जरा गोड आवाजात विचारलं असतं तर मावशी हाव म्हणालीही असती. हे मला ठाऊक होतं, मायलाही ठाऊक होतं. माय वळली आणि चुलीतली लाकडं ओढून विझवली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "यांले चहा तुमच्या घरी पाजा. माफीचं मी देवाजवळ पाह्यतो. पण इथं मंजू नाही म्हणाली."

शांतवनकाकांनी मान हलवली. मावशीला, मायला नव्हे, त्यांनी लांबूनच सलाम केला, आणि काठी टेकत अंगणाबाहेर गेले.